मॉड्यूल ९, लॉगबुक आणि सही : एएमई (विमानाची देखभाल करणारे इंजिनिअर) व्हायला निघालेल्या सांगली-मिरजेकडच्या पोरापोरींसाठी

"ताई, मॉड्यूल ९ सोपं असतं ना? शेवटच्या आठवड्यात वाचलं तर निघतं ना?"

सुट्टीला मिरजेत आले की हा प्रश्न येतोच. विचारणारा कधी तासगावचा असतो, कधी विट्याचा. एकदा तर आत्याच्या शेजारची मुलगी थेट स्वयंपाकघरात येऊन बसली होती. उत्तर आधी देऊन टाकते. हो, निघतं. मॉड्यूल ९ म्हणजे ह्यूमन फॅक्टर्स, काम करताना माणसाच्या चुका कशा होतात त्याचा पेपर. तो इलेक्ट्रॉनिक्ससारखा घाम काढत नाही. पास व्हायला ७५ टक्के लागतात आणि नीट बसलं तर आठवडाभरात तेवढी तयारी होते. पेपर कसा काढायचा ते सांगणारे यूट्यूबवर ढिगानं आहेत, त्यांच्याकडून घ्या. मला सांगायचंय ते लॉगबुकाबद्दल, म्हणजे शिकाऊनं रोजच्या कामाच्या नोंदी करायच्या वहीबद्दल, आणि ती वही मॉड्यूल ९ शी कशी बांधलेली आहे त्याबद्दल. हे मला कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतं, बी१ म्हणजे मेकॅनिकलकडचं आणि बी२ म्हणजे एव्हिऑनिक्सचं, संस्था सीएआर-१४७ या नियमाखाली मान्यता असलेली हवी, परीक्षा डीजीसीए म्हणजे सरकारचं विमान वाहतूक खातं घेतं, आणि लायसन्स हातात आलं तरी टाइप रेटिंग (त्या ठराविक जातीच्या विमानाची वेगळी पात्रता) आणि कंपनीचं ऑथरायझेशन झाल्याशिवाय मोठं विमान उड्डाणासाठी सोडायची सही करता येत नाही, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरते. एकच गोष्ट जादा सांगते, कारण आपल्याकडे हे फार होतं. 'शंभर टक्के प्लेसमेंट' असं फ्लेक्सवर छापणाऱ्या संस्थेसाठी वडिलांना द्राक्षबागेवर कर्ज काढायला लावू नका. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. त्यात नाव आहे का, कुठल्या कॅटेगरीसाठी आहे आणि मान्यता चालू आहे का ते स्वतः बघा, मग फीचं बोला. 'होतंय, फाइल दिल्लीला गेलीय' असं कोणी सांगितलं तर चहा पिऊन बाहेर पडा.

बाकीच्या मॉड्यूलचं थोडक्यात. १ आणि २ म्हणजे गणित आणि फिजिक्स, शाळा-कॉलेजातलंच आहे, उरकून टाका. ३ मध्ये, म्हणजे इलेक्ट्रिकलमध्ये, मराठी माध्यमवाले अडखळतात ते भाषेला, विषय त्यांना येत असतो. मीही मराठी माध्यमातलीच, त्यामुळे घाबरू नका, दोन-तीन महिन्यांत इंग्रजी वाक्यं अंगवळणी पडतात. ११ (विमानाची रचना आणि सिस्टिम्स) आणि १५ (जेट इंजिन) ला भरपूर वेळ ठेवा. १० म्हणजे कायदा. कंटाळा येतो, येऊ द्या, रोज जेवण झाल्यावर थोडं थोडं वाचा. क्वेश्चन बँकांबद्दल माझं मत वाईट आहे. टेलिग्रामवरच्या पीडीएफमध्ये चुकीची उत्तरं ठळक करून छापलेली सापडतात, आणि चुकीचं उत्तर एकदा पाठ झालं की ते खोडून काढायला दुप्पट कष्ट पडतात. शेवटी सरावाला वापरा. सुरुवात तिथनं करणाऱ्यांची मला कीव येते.

आता ९. डोळ्याला काय दिसतं आणि काय सुटतं, स्मरणशक्ती, थकवा, उजेड, आवाज, शिफ्ट, दडपण, गटात काम करणं, चुकांचे प्रकार असा सगळा मामला असतो. माणूस, यंत्र, कागदपत्रं आणि परिसर यांचं नातं दाखवणारं शेल मॉडेल येतं, सगळ्या थरांतली भोकं एका रेषेत आली की अपघात होतो असं सांगणारं जेम्स रीझनचं भोकाभोकांच्या चीजचं चित्र येतं, आणि गॉर्डन ड्यूपाँ यांनी १९९३ मध्ये कॅनडात मांडलेली 'डर्टी डझन' येते. गाफीलपणा, लक्ष उडणं, थकवा, घाई, बोलायला कचरणं, 'इथं असंच चालतं' अशी बारा कारणं. सगळे त्या बारांची आद्याक्षरं जुळवून पाठ करतात. यादीत काय येत नाही असं परीक्षेत विचारलं तर बरोबर खूणही करतात. त्यापलीकडे त्यांना त्यातलं काही कळलेलं नसतं. त्यापेक्षा एखादी केस घ्या आणि तिच्याबरोबर आठ दिवस राहा. मी सांगते ती १९८३ ची, मायामीची. तिच्यात कोणी मेलं नाही, त्यामुळे मन शांत ठेवून अभ्यास करता येतो.

५ मे १९८३. ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं लॉकहीड एल-१०११ मायामीहून बहामातल्या नासाऊला निघालं होतं. विमानात १७२ माणसं. नासाऊ जवळ आलं तेव्हा मधल्या इंजिनाचं ऑइल प्रेशर खाली गेलं. वैमानिकांनी ते इंजिन बंद केलं आणि मायामीला परत फिरायचं ठरवलं. वाटेत उरलेल्या दोन्ही इंजिनांच्या ऑइल प्रेशरचे काटेही शून्यावर आले. तिन्ही इंजिनांचं तेल एकदम कसं जाईल, काटेच बिघडले असणार, असं कॉकपिटमध्ये वाटलं. कोणालाही वाटलं असतं. मग ती दोन्ही इंजिनं बंद पडली. खाली समुद्र. प्रवाशांनी लाइफ जॅकेटं घातली. विमान सुमारे ४,००० फुटांपर्यंत उतरलं असताना आधी बंद केलेलं मधलं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि त्या एका इंजिनावर ते मायामीला टेकलं.

झालं होतं ते असं. रात्रपाळीत तिन्ही इंजिनांचे मास्टर चिप डिटेक्टर बदलले होते. ऑइलमध्ये धातूचा चुरा येतोय का ते पकडणारा हा चुंबकी प्लग. त्याच्यावर ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, नसेल तर तिथनं तेल गळतं. एरवी हे प्लग फोरमनच्या कपाटात तयार असायचे, ओ-रिंग आधीच चढवलेली. त्या रात्री कपाट रिकामं होतं म्हणून स्टोअरमधनं आणले, आणि त्यांच्यावर रिंग नव्हती. गळती बघायला इंजिन स्टार्टरवर काही सेकंदच फिरवलं, तेवढ्यात तेल दिसलं नाही. वर्क कार्डवर ओ-रिंगची पायरी छापलेली होती आणि तिच्यापुढं सही पडलेली होती.

ही सही पुन्हा पुन्हा आठवा. लबाडी म्हणून केलेली नव्हती ती. तो भाग नेहमी रिंगसकटच हातात यायचा, त्यामुळे रिंग आहे का ते बघायची वेळ त्या हातांवर आलीच नव्हती. कार्डावरची ओळ वाचली जात होती, सही होत होती, आणि दोन्हींच्या मध्ये डोळ्यांनी करायचं काम कधीच गळून पडलं होतं.

आता लॉगबुक. इथं मी स्वतः अडकले, म्हणून इथं लांबण लावणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

शिकाऊ म्हणून हँगरमध्ये पाठवतात तेव्हा एका कामाभोवती पोरांचा घोळका असतो. टेक्निशियन घाईत असतो. पुढच्या दोघांना काम दिसतं, मागच्यांना त्या दोघांच्या पाठी. संध्याकाळी वही भरायची असते. आमच्या बॅचमध्ये एक नमुना वही फिरायची. आधीच्या बॅचमधल्या कोणाची तरी होती, सुंदर अक्षर, प्रत्येक एटीए चॅप्टरच्या (विमानाच्या एकेका सिस्टिमला दिलेल्या नंबरच्या) नोंदी. तारीख आणि विमानाचं रजिस्ट्रेशन तेवढं बदलायचं, बाकी उतरवून काढायचं. सीनिअर महिन्याभराच्या नोंदींवर एका बैठकीत सह्या करायचे. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. 'पोरांचं वर्ष कशाला वाया घालवा' असंच सगळ्यांच्या मनात असायचं.

मग नोकरीची मुलाखत. समोरच्या माणसानं माझी वही मध्येच उघडली आणि एका नोंदीवर बोट ठेवलं. मेन व्हील बदललं, एटीए ३२, म्हणजे लँडिंग गिअर. टॉर्कचा, म्हणजे नट किती जोरानं आवळायचा त्याचा आकडा मी पाठ करून गेले होते, पण त्यानं तो विचारलाच नाही. त्यानं विचारलं, "ॲक्सल नट आवळत होता तेव्हा दुसरा माणूस काय करत होता?"

चाकाचा नट आवळताना कोणीतरी चाक हातानं फिरवत राहायचं असतं, म्हणजे बेअरिंग सरळ बसतं. आधी जास्त टॉर्क, मग सैल करायचं, मग ठरलेला टॉर्क, आणि चाक फिरत ठेवायचं. ज्यानं एकदा तरी ते चाक फिरवलंय त्याला या प्रश्नात काही अवघड वाटणार नाही. मी मागच्या रांगेत होते. मी म्हणाले, "टॉर्च धरली होती." त्यानं वही मिटली. पुढचे प्रश्न शिष्टाचाराचे होते, गाव कुठलं, घरी कोण कोण असतं.

नोकरी गेलीच. त्यानंतर मिरजेत घरी बसले होते तेव्हा आत्या सकाळ-संध्याकाळ विचारायची, "आलं काय गं कंपनीचं पत्र?" तिचा दोष नाही, पण तो आवाज अजून कानात आहे. आता शिकाऊंच्या वह्यांवर सही करणारी मीच आहे, तरी कोणी 'लॉगबुक बघू' म्हटलं की पोटात गोळा येतो.

नोकरी जाणं सहन होतं, दुसरी मिळते. मला आणि तुम्हाला खरी भीती वाटायला हवी ती वेगळ्याच गोष्टीची. न बघितलेल्या कामापुढं 'केलं' लिहायची सवय आपल्याला हँगरमध्ये लागायच्या आधी वहीत लागते, आणि ती लावणारे आपले भलं चिंतणारे लोक असतात. मायामीत त्या रात्री ओ-रिंगच्या ओळीपुढं ज्यांनी सही केली ते काही वर्षांपूर्वी शिकाऊच असणार. त्यांच्या वह्या मी पाहिलेल्या नाहीत, पण मला माझी वही आठवते.

म्हणून नोंद कशी करायची ते सविस्तर सांगते. प्रत्येक कामापुढं तुमचा वाटा कोणता ते लिहा. लांबून बघितलं असेल तर बघितलं लिहा. टूल देत होता, पॅनल धरलं होतं, चाक फिरवलं होतं तर तेच लिहा. कोणाच्या देखरेखीखाली स्वतः केलं असेल तरच केलं लिहा. तारीख आणि रजिस्ट्रेशनबरोबर टास्क कार्डाचा नंबर आणि मेन्टेनन्स मॅन्युअलमधला संदर्भ त्याच दिवशी टिपून घ्या, नंतर सापडत नाही. आणि त्या कामात पुस्तकात नसलेली एक तरी गोष्ट लिहा: पॅनलचा कुठला स्क्रू अडकला होता, कनेक्टरपर्यंत हात पोहोचायला कसं वाकावं लागलं, ग्रीस कुठल्या बाजूनं बाहेर आलं. ही ओळ सही करणाऱ्याला नको असते, त्याला ती फालतू वाटेल. वाटू द्या. वर्षभरानं कोणी बोट ठेवलं की त्या एका ओळीवरून सगळं काम डोळ्यांपुढं उभं राहतं.

अशी वही बारीक दिसते. बॅचमधल्या बाकीच्यांच्या वह्या जाड आणि तुमची बारीक. 'बघितलं'च्या नोंदी जास्त असतील तर संस्थेत कोणीतरी म्हणेल की असं चालत नाही, अनुभव कमी पडेल. तेव्हा वाद घालू नका, काम मागा. "सर, व्हील चेंज फक्त बघितलंय, पुढच्या वेळी चाक मी फिरवू का?" एवढं विचारायला मला एक नोकरी घालवावी लागली. बहुतेक टेक्निशियन हो म्हणतात. त्यांनाही कोणीतरी चाक फिरवायला हवंच असतं.

गुरू कोणाला करायचं यावर माझं एक ठाम मत आहे आणि ते अनेकांना पटत नाही. खांद्यावर हात टाकून 'मी आहे ना' म्हणणाऱ्या सीनिअरपासून जरा लांब राहा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते स्टोअरमधल्या काकांनी, आणि ते कधी धड गोडही बोलले नाहीत. कवठेमहांकाळकडचे. पहिल्या दिवशी जुना बोल्ट घेऊन त्यांच्या खिडकीशी गेले आणि म्हटलं, असाच एक द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "पार्ट नंबर आण. आयपीसीचं पान आण. मग बोल." आयपीसी म्हणजे पार्ट्सचा सचित्र कॅटलॉग. मी म्हटलं, काका, अगदी असाच आहे. "असाच म्हंजे कसा? भाजी घ्यायला आलीयास काय?" तेव्हा राग आला होता. मग कधीतरी १९९० च्या ब्रिटिश एअरवेजच्या अपघाताचा अहवाल वाचला आणि काकांचा राग गेला तो गेलाच.

१० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या बीएसी वन-इलेव्हनची कॅप्टनच्या बाजूची काच १७,३०० फुटांवर निखळून गेली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. केबिन क्रूनं त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकानं विमान साउथहॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसकट सगळे वाचले. ती काच उड्डाणाच्या २७ तास आधी बदललेली होती. ९० बोल्टांपैकी ८४ जाडीला ०.०२६ इंचानं कमी होते, उरलेले लांबीला आखूड. काम करणारा अनुभवी शिफ्ट मॅनेजर होता, माणसं कमी म्हणून रात्री स्वतःच हात घातला होता. त्यानं पार्ट्स कॅटलॉग उघडला नाही, काढलेल्या जुन्या बोल्टाशी नजरेनं जुळवून नवे घेतले. काढलेले बोल्टही मुळात बरोबर नव्हते. आणि काचेच्या कामाला दुसऱ्या माणसानं तपासायची अट नव्हती, त्यामुळे त्याच्यानंतर कोणी बघितलंच नाही.

यातली मला टोचणारी गोष्ट मात्र दुसरीच आहे. स्टोअरवाल्यानं त्याला सांगितलं होतं की या काचेला अमुक नंबरचा बोल्ट लागतो. एकदा सांगितलं आणि गप्प बसला. तो मॅनेजर होता, हा स्टोअरवाला. आमचे काका तिथं असते तर काच त्या रात्री बसलीच नसती, आणि मॅनेजरनं त्यांची तक्रार केली असती.

एकदाच बोलून गप्प बसणं हे आपल्याकडे फार मुरलेलं आहे. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, गुरुजींना परत विचारायचं नाही, 'त्यांना कळतंय' असं म्हणून बाजूला व्हायचं. हे आपलंच आहे असंही नाही. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळून ५८३ माणसं गेली, तेव्हाही उड्डाणासाठी धावत सुटलेल्या केएलएम कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरनं समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना असं विचारलं होतं. कॅप्टननं ठामपणे हो म्हटलं. त्यानं परत विचारलं नाही.

ट्रेनिंगमध्ये 'असर्टिव्ह व्हा' म्हणून नाटुकली करून घेतात. मला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. अनोळखी माणसाशी खोटं भांडण कोणालाही जमतं. आपल्याला हाताला धरून काम शिकवलेल्या, आपल्यासाठी डब्यात जादा पोळी आणणाऱ्या सीनिअरला थांबवायचं असतं, आणि ते जमत नाही. मला जे जमलं ते सांगते. समोरच्याचं चुकलं असं म्हणायचं नाही, आपल्याला दिसलं नाही असं म्हणायचं. "सर, माझं बघायचं राहिलं, पॅनल बंद करायच्या आधी एकदा टॉर्च मारू का?" यावर नाही म्हणणारा सीनिअर मला क्वचितच भेटला. भेटलाच तर सही करू नका. शिकाऊला कोणी सही करायला लावत असेल तर तेच मुळात चुकीचं आहे. शांतपणे 'मला नाही जमणार' म्हणून उभं राहा. आठवडाभर अबोला धरतील, मग विसरतील. हे लिहायला सोपं आहे, करताना पाय लटपटतात. माझे अजूनही लटपटतात. पण दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा कमी, एवढं खरं.

शिफ्ट बदलताना काय होतं त्यावर पुस्तकात जेमतेम पान असतं. त्याच्यापुढं ११ सप्टेंबर १९९१ ची नोंद स्वतःच्या हातानं लिहून ठेवा. अमेरिकेत टेक्सासमध्ये कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचं एम्ब्रेअर १२० विमान हवेत तुटलं, १४ जण होते, कोणी वाचलं नाही. आदल्या रात्री शेपटीवरच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेचे बर्फ घालवणारे रबरी बूट बदलायचं काम निघालं होतं. एका शिफ्टनं डाव्या बाजूचे, ती कडा धरून ठेवणारे वरचे ४७ स्क्रू काढले. पुढच्या शिफ्टनं उजव्या बाजूचं काम केलं, डावीकडचं नंतर करू असं ठरलं, आणि विमान सकाळी गेलं. वरची बाजू, जमिनीवर उभं राहून दिसत नाही. ज्या इन्स्पेक्टरनं स्क्रू काढायला मदत केली त्यानं पुढच्या शिफ्टसाठीच्या टर्नओव्हर शीटवर ओळ लिहिली होती, पण पुढच्या इन्स्पेक्टरनं ते शीट त्याआधीच वाचून ठेवलं होतं. यात कामचुकार कोण ते शोधत बसू नका. रोज हँगरमध्ये हेच चाललेलं असतं: गेट पास पंच करायची घाई, बस सुटेल, 'डावीकडचं अर्धं झालंय' असं चालता चालता सांगणं.

त्यामुळे माझा नियम असा: स्क्रू काढला की पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, पिशवी काढलेल्या पॅनललाच बांधलेली. आणि अर्धं काम सोडून उठायचं असेल, मग ते जेवायला का असेना, तर आधी कार्डावर लिहायचं की कुठल्या पायरीवर थांबले. परत आल्यावर त्या पायरीच्याही मागच्या दोन-तीन पायऱ्यांपासून सुरुवात. फोन वाजला तरी हेच. लोक हसतात. हसू द्या.

रात्रपाळीबद्दल घाबरवणार नाही. जमते. पहाटे तीन ते पाच शरीर झोपेसाठी ओढतं, हे पुस्तकात लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे, तेव्हा मोजमापाचं आणि बारीक तपासणीचं काम शक्यतो त्या वेळेत घेऊ नका, आणि घ्यावंच लागलं तर शेजारच्याला सांगून ठेवा की माझ्यानंतर तूही बघ. मुली विचारतात की हँगरमध्ये मुलींना त्रास होतो का. टॉयलेट लांब असतं, मोठ्या मापाचे हातमोजे मिळतात, पहिले सहा महिने कोणीतरी पान्हा हातातनं काढून घेतं. पान्हा परत मागा. घरी आईला रात्रपाळीचं सांगताना फार तपशील देऊ नका, एवढाच माझा सल्ला.

आणखी एक. चूक झाली, पण काही घडलं नाही, म्हणजे टूल पॅनलमध्ये राहिलं आणि बंद करायच्या आधीच सापडलं, तर ते सेफ्टी विभागाला लेखी कळवायची सोय असते. नवे लोक कळवत नाहीत, नोकरी जाईल असं वाटतं. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर आली की इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही माहीत असतं. २०१९ चा पूर बघितलेला माणूस ४५ ची वाट बघत नाही, त्याच्या आधीच फ्रीज माळ्यावर चढवतो. सापडलेल्या टूलचा रिपोर्ट म्हणजे तेच पाण्याच्या पातळीचं वाचन. सगळ्या कंपन्या याबाबत सारख्या समजूतदार नसतात, हे लपवणार नाही. पण कळवल्यामुळे हाकललेल्यापेक्षा लपवल्यामुळे हाकललेले मी जास्त बघितलेत.

तुम्ही या लाइनीत गेलात की नातेवाईक तुम्हाला विमानतज्ज्ञ समजायला लागतात, त्याचीही तयारी ठेवा. १२ जून २०२५ ला अहमदाबादचा अपघात झाला त्या रात्री मला मिरजेहून फोनवर फोन आले, आणि प्रत्येकाकडं व्हॉट्सॲपवर आलेलं कारण तयार होतं. तपास चालू असताना कारण सांगायचं नाही, स्वतःच्या काकांनाही नाही. त्यापेक्षा त्यांना उपयोगाचं सांगा: कोल्हापूरहून असो की पुण्याहून, विमानात बसलं की आपल्या सीटपासून दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजा, धुरात दिसत नाही, हातानं चाचपत मोजावं लागतं. आणि बाहेर पडायची वेळ आली तर बॅग घ्यायची नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या ए३५० ची तटरक्षक दलाच्या विमानाशी टक्कर झाली. त्या छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जण गेले. पण मोठं विमान जळत असताना त्यातले सगळे ३७९ जण बाहेर पडले. आमच्या आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आणि माझं औषध?" औषध अंगावरच्या कपड्यांच्या खिशात ठेवायचं, हे तेव्हापासून मीही पाळते.

हँगरच्या पहिल्या दिवशी काय न्यायचं असंही विचारतात. स्वतःची टॉर्च, जादा सेल, खिशात मावणारी डायरी. बूट आधी पंधरा दिवस घरात घालून सैल करा. अंगठी, कडं, बांगड्या घरीच. शर्टाच्या वरच्या खिशात काही ठेवू नका, वाकलं की ते विमानात पडतं आणि मग सगळी शिफ्ट तुमचं पेन शोधते. टॉर्चवर आणि पेनावर नाव घाला.

फोन जरूर करा, लॉगबुकाचा फोटो पाठवलात तरी बघून सांगेन. माझी नाइट असेल त्या आठवड्यात मात्र दुपारी दोनच्या आत करू नका, झोपलेली असते.